पहिली ओळ

बुलढाण्याच्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत दर दुसऱ्या शुक्रवारी सगळे कामाचा हिशोब मांडायला बसत. काय सुधारायचं ते टीमनं सांगायचं आणि मॅनेजर नीळकंठनं कागदावर लिहून भिंतीला लावायचं. आपल्याकडे माणसं मोकळेपणानं बोलतात, याचा त्याला फार अभिमान.

आज टेस्टिंगवाली शारदा म्हणाली, "सर, क्लायंटले तारीख द्याच्या आधी आमाले विचारत जा."

त्यानं मन लावून लिहून घेतलं. तेवढ्यात फोन वाजला.

"हो साहेब, सोमवारी नक्की देतो." फोन ठेवून तो वळला. "हं, पुढचा मुद्दा?"

शारदानं भिंतीवरचे जुने बारा कागद काढून त्याच्यापुढे ठेवले.

बाराही कागदांवर पहिली ओळ तीच होती, त्याच्याच वळणदार अक्षरात.