जेवढ्याला उत्तर, तेवढंच

अवधूतनं 'पाठवा'वर बोट दाबलं आणि मोबाईल परभणीच्या कॉलेजातल्या कँटीनच्या टेबलावर आपटला. समोरचा चहा निवला होता. डोकं मात्र अजून तापलेलंच होतं.

मेल गेला होता उद्धव गुरुजींना. नुसता गुरुजींना नव्हे, गटातल्या बासष्टच्या बासष्ट जणांना. परभणी जिल्ह्यातले जुने शिलालेख हुडकून वाचणाऱ्या हौशी माणसांचा हा गट. त्यात शिक्षक होते, कारकून होते, अवधूतसारखे दोन-चार प्राध्यापकही होते. गुरुजींनी तो सात वर्षांपूर्वी चारठाण्यात घरी बसून सुरू केला, तोही ई-मेलवर. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं वाहून जातं, असं त्यांचं म्हणणं.

मेल लिहिण्याचे गुरुजींचे कायदे मोठे कडक. आधी समोरच्याचं नाव लिहायचं. मग बाणाची खूण करून त्याचं वाक्य, आणि त्याखाली आपलं उत्तर. जेवढ्याला उत्तर द्यायचं तेवढंच ठेवायचं, बाकीचं छाटून टाकायचं. पण वाक्य मधेच तोडायचं नाही. तोडलं की अर्थ बदलतो आणि लिहिणाऱ्यावर अन्याय होतो. एकदा एका बड्या प्राध्यापकांनी कुणाचं तरी अर्धंच वाक्य उचललं, तर गुरुजींनी त्यांना सगळ्यांदेखत माफी मागायला लावली होती. लोक गुरुजींच्या माघारी हसायचे. अवधूत हसत नसे. तो चारठाण्याच्या शाळेत तिसरी ते सातवी त्यांच्याच हाताखाली शिकला होता.

आज दुपारी गुरुजींचा मेल आला. विषय होता ताडकळसजवळच्या एका शेतातल्या दगडाचा. त्यावरच्या शिलालेखाचं वाचन अवधूतनं केलं होतं आणि गटाच्या पुस्तकात ते त्याच्या नावानं छापायचं होतं. मेल उघडला आणि डोळ्यांत घुसलं ते हे: 'अवधूतनं तो दगड डोळ्यांनी पाहिलेलाच नाही. दुसऱ्याचं वाचन स्वतःच्या नावावर खपवलंय.'

पुढचं कोण वाचतो! त्यानं जागेवर बसून वीस ओळी हाणल्या. गुरुजींचं वय काढलं, चष्म्याचा नंबर काढला, प्राथमिक शाळेतली नोकरी काढली. शेवटी लिहिलं, 'तुमच्या हाताखाली शिकलो याची आज मला लाज वाटते.'

पाच मिनिटांत फोन वाजला. गटातल्या प्रभावती मॅडम होत्या. परभणीतल्याच एका कचेरीत हेडक्लार्क.

"अवधूत, गुरुजींचा मेल खालपर्यंत वाचलास का रे तू?"

"वाचायचं काय राह्यलंय त्यात?"

"आरं, ते वरचं वाक्य आपल्या गटातल्या नागनाथचं हाय! गुरुजी त्यालाच झापायलेत. बाण दिसला न्हाई का तुला?"

अवधूतनं मेल पुन्हा उघडला. सगळ्यात वर लिहिलेलं होतं, 'नागनाथ लिहितात'. वाक्याआधी बाणही होता, चांगला ठळक. आणि खाली गुरुजींचं उत्तर होतं: 'हे धादांत खोटं आहे. दगड अवधूतनंच शोधला. भर मे महिन्यात तो चार तास दगडापाशी पालथा पडून अक्षरं टिपत होता. मी छत्री धरून उभा होतो. नागनाथरावांनी त्याची माफी मागावी. नसेल मागायची तर पुस्तकातून माझं नाव काढून टाका.'

ती छत्री अवधूतला आठवली. छत्री त्याच्या डोक्यावर होती, गुरुजी उन्हात होते.

त्याला कुठं तोंड लपवावं ते कळेना. मेल परत घेता येत नव्हता. बासष्ट घरांत, कचेऱ्यांत लोक आता त्या वीस ओळी वाचत असणार. त्यानं गुरुजींना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. तास बुडवून तो स्टँडवर गेला आणि जिंतूरची बस धरली. पुढं चारठाणा गाठायचं आणि पाय धरायचे, एवढंच त्याला सुचत होतं. 'गुरुजी, चुकलो' या दोन शब्दांपलीकडं काही जुळत नव्हतं.

निम्म्या वाटेत मोबाईल वाजला. गुरुजींचा मेल, सगळ्या गटाला.

गुरुजींची रीत अवधूतला पाठ होती. बाण, वाक्य, उत्तर. आता वीसच्या वीस ओळी एकेक करून पुढ्यात येणार आणि त्या त्याच्याच असणार. मेल उघडायचा धीर होईना. त्यानं मोबाईल खिशात घातला, काढला, परत घातला. बाजूला बसलेल्या बाईनं विचारलं, "घरी कोन आजारी हाय का, भाऊ?" तो मान हलवून खिडकीबाहेर बघत राहिला.

जिंतूरच्या अलीकडं मात्र त्याला वाटलं, न वाचता गुरुजींसमोर उभं राहायचं हे एका दिवसात दुसऱ्यांदा नको. त्यानं मेल उघडला. मेल इवलासा होता.

'अवधूत लिहितात:

> तुमच्या हाताखाली शिकलो

हो. तिसरी ते सातवी. मला त्याचा अभिमान आहे.'

अवधूतनं बोटानं पडदा खाली सरकवला. या वेळी अगदी शेवटपर्यंत. खाली काहीच नव्हतं. बाकीचं सगळं छाटलेलं होतं. सात वर्षांत गुरुजींनी कुणाचंही वाक्य मधेच तोडलं नव्हतं.