शनिवारची भाकरी

सासऱ्यांची उशी उचलली तर खाली रुमालात गुंडाळलेली भाकरी होती, मुंग्या लागलेली. या आठवड्यातली तिसरी.

सून वैतागलीच. "बाबा, चाळीस वर्षं संडे स्कूलमध्ये तुम्हीच शिकवलंत ना? देव रानात लोकांना रोज ताजा मान्ना, आकाशातली भाकर, द्यायचा आणि उद्यासाठी लपवून ठेवला की त्यात किडे पडायचे. मी काय तुम्हाला उपाशी ठेवते?"

बाबांना हल्ली तिचं नावही आठवत नसे. ते मुंग्यांकडे बघत राहिले. मग एकदम शिकवतानाच्या त्या जुन्या आवाजात म्हणाले, "शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायचा. तो नासत नसे. दुसऱ्या दिवशी साऱ्यांना विसावा."

"अहो, पण आज बुधवार आहे!"

"बुधवार?" त्यांचा चेहरा पडला. "मला वाटलं, शनिवार. दर रविवारी तू उपासना अर्धी सोडून स्वयंपाकाला पळतेस. माझ्यापुरती भाकरी घरात असली, तर शेवटच्या गीतापर्यंत बसशील."

तिनं भाकरी काढून रुमाल खिडकीबाहेर झटकला, नीट घडी घातली आणि परत उशीखाली ठेवला.

"शनिवारी मी आठवण करून देईन, बाबा."