जिन्यातलं कपाट

“उजवीकडे घे!” वरच्या पायरीवरून कुमुदिनी ओरडली. घराच्या वाटण्या झाल्यावर दोघी जावा लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवत होत्या. खालून पेलणाऱ्या हेमलतानं ते आपल्या उजवीकडे सरकवलं आणि तिची बोटं भिंतीत चेंगरली.

“उजवं-डावं कळत नाही का गं?”

“जाऊबाई, समोरासमोर आहोत. तुमचं उजवं ते माझं डावं.”

“मग माझ्या बाजूनं विचार कर! एवढ्या वर्षांत तेही जमलं नाही.”

हेमलताला हे फार लागलं. जाऊबाईंचं डोकं कधी दुखतंय, राग कशाचा आलाय, हे ती न सांगताच ओळखत आली होती. तिनं कपाट वळणावर घट्ट अडकवलं आणि ती खाली उतरली.

“अगं, मी उतरू कशी?” कपाटापलीकडून आवाज आला.

“इथून मला तुम्ही दिसतच नाही,” हेमलता म्हणाली.