आलं तेव्हाचा आकडा

स्टीलचं झाकण फरशीवर पडलं, गरगर फिरलं, थरथरलं आणि निजलं. खोली पुन्हा गप्प झाली.

"आई, हे किती वेळा फिरलं गं?" टेबलाखालून भिंगरीने विचारलं. पाच वर्षांची ही पोर एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिचं हे नाव.

"नाही मोजलं. मी दुसरंच मोजतेय."

टेबलावर सिग्नल जनरेटर होता. सेकंदाला बरोबर दहा लाख ठोके देणं हे त्याचं काम. दहा इकडेतिकडे झाले तर चालतात. पण तासभर तापवून झाल्यावरही शेजारच्या ठोके मोजणाऱ्या काउंटरवर आकडा होता दहा लाख बारा.

घराच्या मागच्या खोलीत आई अशी यंत्रं तपासून दाखले द्यायची. मूल झाल्यावर नोकरी सुटली, पण कामाची खोड सुटली नाही. परवाना तात्पुरता होता. कायमचा मिळणार की आहे तोही जाणार, ते पुढच्या महिन्यातल्या तपासणीवर ठरायचं होतं. त्यासाठी तिने भिंतीसुद्धा रंगवून घेतल्या होत्या.

यंत्र सकाळी एक काका देऊन गेले होते. एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे म्हणाले. पाणी प्यायले, भिंगरीच्या बाहुल्यांची चौकशी केली. बाहुल्यांची परीक्षा चालू होती आणि बहुतेक सगळ्या नापास झाल्या होत्या. काका हसले. जाता जाता मात्र दारात थांबले.

"आलं तेव्हाच चुकीचं होतं असं निघालं, तर मुलांची वर्षभराची मोजमापं बाद होतील, ताई. मला निवृत्तीला दोन महिने उरलेत."

याहून जास्त त्यांनी काही मागितलं नाही.

तिने केबल बदलली. बाराच. पंखा बंद केला. बाराच. तिला आता गंमत वाटायला लागली. चुकणारी जुनी यंत्रं भरकटतात. आत्ता बारा, मग चौदा, मग नऊ. हे मात्र कुणी 'बस' म्हणून बसवल्यासारखं बारावर ठाण मांडून होतं. मागचं झाकण उघडलं तर आत सगळीकडे धूळ, आणि जुळवणीच्या स्क्रूचं डोकं तेवढं लख्ख. असं कसं? तिने भिंग लावून पाहिलं, डोकं खाजवलं, पण काही उलगडेना.

नियम साधा होता. यंत्र आलं तेव्हाचा आकडा आधी लिहायचा, मगच स्क्रूला हात लावायचा. दाखल्यावर 'आलं तेव्हा' आणि 'जुळवल्यावर' अशा दोन चौकटी असतात त्या त्यासाठीच.

तिने पेन उचललं, परत ठेवलं. चालतात त्याहून दोनच तर ठोके जास्त. दहा लाखांत दोन. काकांच्या सदऱ्याची विरलेली कॉलर डोळ्यांपुढून हलेना. शेवटी तिने स्क्रू केसभर फिरवला. आकडा दहा लाखांवर येऊन थांबला. दोन्ही चौकटींत तिने तोच लिहिला.

"पास का नापास?" भिंगरीने विचारलं.

"पास."

"मी पण एकीला पास केलंय. ती रडत होती म्हणून."

"तू आवर बघू तुझा पसारा," आई म्हणाली.

संध्याकाळी काका आले. दाखला त्यांनी सावकाश वाचला. पहिल्या चौकटीवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. मग यंत्राकडे न बघता त्यांनी पिशवीतून एक मोहोरबंद पाकीट काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"तुम्हीच उघडा," ते हळू आवाजात म्हणाले.

आतल्या कागदावर परवाना कार्यालयाचा शिक्का होता आणि परवाची तारीख. यंत्राचा आकडा मुद्दाम लावून पाठवल्याची नोंद होती: दहा लाख बारा. खाली तिचं नाव, आणि नावापुढे एक रिकामी चौकट.

भिंगरी टेबलाखालून बाहेर आली. "काका, यंत्र पास ना?"

"यंत्र ठीक आहे, बाळा," काका म्हणाले आणि त्यांनी खिशातलं पेन काढलं.

भिंगरीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मग आई, नापास कोण झालं?"