कानातला संसार

माझे दोन्ही थोरले भाऊ विशीतच गेले. एक चावीच्या घड्याळाच्या गजरानं, दुसरा गड्ड्याच्या जत्रेत फटाक्यानं. डॉक्टरांनी माझा कार्डिओग्राम काढला आणि आईला सांगितलं, “घराण्यातला दोष यालाही आहे. दचकवू नका. कधी काय होईल, सांगता येत नाही.” आईनं कोंबडा वळसंगला मामाकडे धाडला. घरचे शिव्यासुद्धा कुजबुजत देऊ लागले. माझ्या लग्नात बँड आला, जेवला आणि न वाजवता गेला. सगळं माहीत असून बायको आली आणि पहिल्या दिवसापासून कानात बोलू लागली. काल बाजारात लांबून तिचा खरा आवाज ऐकला. वांग्यांवरून ती भाजीवाल्यावर कडाडत होती. त्या माणसाचा फार हेवा वाटला. घरी आल्यावर म्हणालो, “एकदा माज्यावर बी तसं वरड की.” ती कानाशी येऊन कुजबुजली, “आदी म्हातारं व्हा की. मग रोज वरडते.”