हात म्हणजे हातच

हात पुरून आज एकवीस दिवस झाले होते. पडेगावच्या कबरस्तानात, भिंतीकडच्या कडुलिंबाखाली, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून. मुख्तारला जाता आलं नव्हतं. तो तेव्हा दवाखान्यात होता. वाळूजच्या कारखान्यातला त्याचा जोडीदार रामकिसन हात घेऊन गेला आणि परत येऊन एवढंच म्हणाला, "नीट ठिवला बरं, मयताला निजवत्यात तसा, उजव्या कुशीवर." हाताला कसली आलीय कूस, पण मुख्तारला तेवढ्यानंच जरा बरं वाटलं होतं.

आज तिसऱ्या प्रहरची असरची नमाज उरकून मोहल्ल्याचे म्हातारे हाफिजसाब विचारपूस करायला आले. मुख्तारची बायको जैनबी आतल्या उंबऱ्याशी चहाचं आधण बघत बसली. इकडचं तिकडचं बोलून झालं. मुख्तारनं रिकामी बाही सावरली.

"हाफिजसाब, एक विचारू का? किताबात हाय ना, कयामतच्या दिवशी तोंडाला मोहर लागल अन् हात बोलतील?"

"आहे."

"मंग माझा हात तर फुडं गेला. मी हितं, तो तिथं एकटाच. त्यानं काय सांगितलं तर मधी बोलायला मी नाय."

हाफिजसाब हसले नाहीत. दाढीवरून बोटं फिरवत म्हणाले, "बहुतेक बुजुर्ग सांगतात, जसं लिहिलंय तसंच, हाताला खरोखर वाचा फुटेल. काही थोडे म्हणतात, ही सांगायची एक तऱ्हा. आपण नाही का म्हणत, डोळ्यांनी सगळं सांगितलं? डोळ्यांना काय जीभ असते? मतलब इतकाच, की त्या दिवशी काही झाकलेलं राहणार नाही. तू दुसरं धर, मुख्तारमियाँ. जिवाला हलकं वाटेल."

"नाय वाटत. बावीस वर्सं प्रेसवर काढली मी. मशीनवर पाटी हाय, हात आत घालू नये. तिथं हात म्हंजी हातच असतो, हाफिजसाब. दुसरा अर्थ काढत बसलं की हे असं हुतं." त्यानं बाही वर करून दाखवली.

आता मात्र हाफिजसाबांना हसू आलं, आणि आल्याचं लगेच वाईटही वाटलं.

"अरे, पण त्यानं असं केलंय तरी काय? चोरी?"

"नाय."

"कुणाला खोटं लिहून दिलं?"

"मला लिहिता कुठं येतंय नीट."

"मग कशाला जीव खातोस स्वतःचा? म्हणून तर सांगतो, तऱ्हा समज. हात काही बोलत नाही."

मुख्तारनं मान खाली घातली. हा दिलासा घ्यावा असं त्याला फार वाटत होतं. जवळजवळ घेतलाच होता त्यानं.

"बोलतो की," उंबऱ्यावरून जैनबी म्हणाली.

चहा वर आला होता. तिनं गॅस बारीक केला, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"एकदा बोललाय तो. पाच वर्सं झाली. ह्या डाव्या कानानं ऐकलेलं ते शेवटचं."

साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं, जैनबी न्हाणीत घसरली आणि तिचा कान गेला. खुद्द हाफिजसाबांनी दुआ पढून पाणी दिलं होतं. त्यांनी मुख्तारकडं पाहिलं. मुख्तारनं बाही काखेत दाबून धरली होती, जसं काही कुणी ती ओढून नेणार होतं.

"आता अर्थाचं राहू दे," हाफिजसाब हळू आवाजात म्हणाले. "नमाज चुकली, रोजा बुडाला, ते तू आणि वरचा बघून घ्या. पण माणसाला दुखवलेलं वरचा परस्पर माफ करत नाही, मुख्तार. ज्याचं दुखलं त्यानंच सोडायचं असतं."

ते चहा न घेताच उठले. बाहेर चपलांचा आवाज लांब गेला.

मुख्तार उठून उंबऱ्याशी आला आणि जैनबीच्या उजव्या अंगाला बसला. पाच वर्षं तो न चुकता त्याच अंगाला बसत आला होता. तिकडून बोललं की तिला ऐकू यायचं.

"जैनबी."

"हं."

"सोडलं म्हण की."

तिनं गॅस बंद केला. चहावर साय धरत आली.

"माझा पाय मोडला हुता तवा सव्वा महिना त्याच हातानं भाकरी थापल्या तुम्ही. एक गोल आली नाय कधी. तेबी सांगल का तो?"

"सांगल."

"मंग समदं सांगू द्या त्याला. हेबी अन् तेबी. मी काय लपवणार नाय, अन् वाढवूनबी सांगणार नाय."

"अन् सोडलं का?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. त्याच्या मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडं पाहिलं.

"तो तर गेला. हा हाय अजून. ह्याचं बघू आधी."

मग तिनं कोपऱ्यातली मेथीची जुडी ओढली, सोडली आणि वर्तमानपत्रावर त्याच्या पुढ्यात पसरली.

"पानं हिकडं. देठ तिकडं."

मुख्तारनं काड्या गुडघ्याखाली दाबल्या आणि डाव्या हातानं खुडायला लागला. पानांबरोबर देठही तुटून येत होते, मातीही येत होती. जैनबी त्यातला एकेक देठ वेचून बाजूला टाकत राहिली.