र नाहीतर त

“र नाहीतर त. बाकीच्या सगळ्या पोरी उडव,” खुर्ची पुढं ओढत हिरामण म्हणाला.

इतवाऱ्यातल्या विवाह मंडळात कॉम्प्युटरवर अर्चना बसायची. तिनं नावाचं पहिलं अक्षर टाकलं आणि स्क्रीनवरच्या पोरी भराभर गळाल्या. तीनच उरल्या. एकीचा साखरपुडा झालेला, दुसरी त्याच्या पोराहून, पंकजहून मोठी, तिसरी नात्यानं त्याची बहीण!

“काका, यात राजपुऱ्याची मनीषा पण गेली ना,” अर्चना म्हणाली. “लडकी एक नंबर है. पंकजदादाला पसंत आहे म्हणे.”

पसंत होतीच. पस्तिशीला टेकलेला पोरगा आजवर सगळ्यांना नाही म्हणत आला, हिलाच काय तो हो म्हणाला. ही गेली तर तो पुन्हा मुलगी बघायला येणार नाही, हे बापालाही ठाऊक होतं. पण गुरुजींनी पत्रिका बघून सांगितलं होतं, सुनेचं नाव र नाहीतर त वरून हवं. कागद मिलमध्ये सायबांशी भांडलेला हा माणूस गुरुजींपुढं अगदी गोगलगाय व्हायचा.

“नावाचं काय एवढं?” शेजारी बसलेली त्याची बायको रुख्मिणी हळूच म्हणाली. “लग्नात बदलून घेऊ. माझं नाही का बदललं?”

“तुला काही कळतं का? बदललेलं नाव वरवरचं असतं. जन्माचं नाव तेच खरं!”

“अरे वा, काकू,” अर्चना हसली. “मग तुमचं खरं नाव काय?”

“यांनाच विचार.”

हिरामणनं ऐटीत तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. ताटातले तांदूळ आठवले, त्यात अंगठीनं त्यानं स्वतः लिहिलेलं ‘रुख्मिणी’ आठवलं. त्याच्या आधीचं? लग्नपत्रिकेत छापलं होतं, त्यानं वाचलंही होतं. तिच्या माहेरची माणसं तर तिला नुसतं बाई म्हणायची. त्यानं डोकं खाजवलं, खाकरला, पंख्याकडं पाहिलं. छे!

“पहिलं अक्षर तरी सांगा, काका,” अर्चनानं बिचारीनं मदत म्हणून विचारलं.

तेही येईना. कान तापले. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. रुख्मिणी रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती त्याच्याकडं बघत होती.

“जाऊ दे गं पोरी,” शेवटी तीच म्हणाली. “आता त्या नावानं कोणी हाक मारली, तर मीच वळून बघायची नाही.”

हिरामणची मान आणखी खाली गेली.

“ते अक्षर काढ,” तो टेबलाकडं बघत अर्चनाला म्हणाला. “मनीषाच्या घरी फोन लाव. म्हणावं, आम्हाला पोरगी पसंत आहे. आणि लग्नात तिचं नाव बदलायचं नाही.”

बायकोला तिचं नाव विचारायची हिंमत मात्र त्याला झाली नाही.